लिंडले मरे ते आयएल्ट्स : नगरच्या वाटेने आलेले इंग्रजी व्याकरण

वाचकहो, आजचा धागा एका साध्या वाक्यापासून सुरू होतो. 'मी दहा वर्षांपासून नगरला राहते.'

गेल्या महिन्यात सावेडीतल्या एका खोलीत माझी वर्गमैत्रीण या वाक्याचे इंग्रजी करत बसली होती. तिला पुढील शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा आहे आणि त्यासाठी आयएल्ट्स नावाची इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा देणे भाग आहे. तिने वहीत लिहिले, 'आय ॲम लिव्हिंग इन नगर सिन्स टेन इयर्स.' सरावपुस्तकाच्या मागे छापलेले उत्तर होते, 'आय हॅव लिव्हड इन नगर फॉर टेन इयर्स.' एका ओळीत दोन चुका झाल्या होत्या, एक काळाची आणि एक 'सिन्स'ची. ती वैतागून म्हणाली, "अरे, मी आजही इथेच राहते ना? मग वर्तमानकाळ का चालत नाही? आणि हे आपल्याला शाळेत कुणी नीट सांगितलेच कसे नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडते. मराठीत भूतकाळात सुरू होऊन आजवर चालत आलेली क्रिया आपण साध्या वर्तमानकाळात सांगतो. इंग्रजी भाषा तिच्यासाठी निराळे रूप वापरते आणि कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर', आरंभबिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स', असा भेद करते. आपल्याकडे दोन्हींना 'पासून' पुरते. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाचा होता. मराठी माणसाला इंग्रजी व्याकरण कुणी शिकवले, कोणत्या पुस्तकांतून, कोणत्या परीक्षेसाठी, आणि कुणाला शिकवायचे नाही हे कुणी ठरवले? शोधू लागलो तेव्हा या कथेचे धागे पुन्हापुन्हा आमच्याच गावात येऊन अडकू लागले. गाव म्हणजे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. जुन्या कागदांत जे नाव आहे तेच मी पुढे वापरतो.

आरंभ मात्र नगरपासून फार दूर, इंग्लंडमधील यॉर्क शहरात करावा लागेल. लिंडले मरे हा मूळचा अमेरिकेतला, पेनसिल्व्हेनियातला. यॉर्कजवळ स्थायिक झाल्यावर तिथल्या क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी त्याने इंग्रजीचे एक व्याकरण लिहिले. ते १७९५ साली छापले गेले. मुलींच्या एका लहानशा शाळेसाठी लिहिलेले हे पुस्तक पुढे इंग्लंड, अमेरिका आणि वसाहतींतील शाळांमध्ये लाखोंच्या संख्येने खपले. त्याची संक्षिप्त आवृत्ती मुंबई इलाख्यातील इंग्रजी शाळांतही शिकवली जात असे. नियम पाठ करायचा, मग वाक्य घेऊन त्यातील प्रत्येक शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती, काळ सांगायचा, असा हा अभ्यास. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत याला 'व्याकरण चालवणे' म्हणत. वाक्य चालवता आले की भाषा आली, असा तेव्हाचा समज होता.

मुंबईत जन्मलेल्या (१८१४) एका मुलाने याच पद्धतीने इंग्रजी शिकले. त्याचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. परकीय भाषेचे व्याकरण घोकताना त्याच्या मनात एक प्रश्न आला असणार, जो पुढे त्याच्या कामातून स्पष्ट दिसतो. इंग्रजीला जसे बांधीव व्याकरण आहे तसे माझ्या भाषेला का नाही? १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. त्यापूर्वी मराठीची व्याकरणे झाली नव्हती असे नाही. विल्यम केरीचे १८०५ साली कलकत्त्याकडे छापले गेले होते. पण अशी पुस्तके साहेबाला मराठी यावी म्हणून लिहिलेली होती. मराठी मुलाने मराठीचे व्याकरण मराठीतून शिकावे, यासाठी लिहिलेले आणि शाळाशाळांत रुजलेले पुस्तक दादोबांचे.

आता एक गंमत पाहा. संस्कृतच्या परंपरेत यास्काने शब्दांचे चार वर्ग सांगितले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीचे काम तर सुबन्त आणि तिङन्त या दोनच पदांवर भागते. मग आपण शाळेत शब्दांच्या आठ जाती कुठून शिकलो? नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही ओळ आपण पाढ्यासारखी म्हणतो. लिंडले मरेने इंग्रजीच्या शब्दजाती नऊ मानल्या आहेत. त्या नऊमधून एक काढली की आपल्या आठ उरतात. काढलेली जात कोणती? 'आर्टिकल', म्हणजे 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत त्यांचे काम करणारा स्वतंत्र शब्दवर्गच नाही, म्हणून ती जात साच्यातून गळली.

ही गोष्ट मी मैत्रिणीला सांगितली तेव्हा तिने सरावचाचणीच्या निबंधावरील लाल खुणा माझ्यापुढे ठेवल्या. निम्म्याहून अधिक खुणा 'द' विसरल्याच्या किंवा नको तिथे घातल्याच्या होत्या. मरेच्या साच्यातून मराठीत येताना जे गळले, नेमके तिथेच दोन शतकांनंतरही मराठी विद्यार्थ्याचा पाय घसरतो.

अर्थात दादोबांनी साचा आंधळेपणाने उचलला असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली' या वाक्यांत क्रियापद खाणाऱ्याकडे पाहतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. इंग्रजीत अशी सोय नाही. तिथे मराठीला कर्तरी, कर्मणी, भावे अशा प्रयोगविचाराची गरज पडते आणि तो संस्कृतच्या वळणानेच करावा लागतो. इंग्रजीचा सांगाडा आणि संस्कृतची परिभाषा यांच्या या जोडकामावर पुढच्या शंभर वर्षांत पुष्कळ वाद झाले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले तेव्हाही यांतील काही प्रश्न जिवंतच होते. माझ्यापुरते सांगायचे तर मला या जोडकामाची लाज वाटत नाही. विरामचिन्हेही आपण मेजर कँडीच्या हातूनच घेतली आहेत, आणि त्यांच्याशिवाय हा धागा तुम्हाला वाचवला नसता.

आता नगर. १८५२ च्या सुमारास दादोबा शिक्षणखात्यातून महसुलाकडे वळले आणि डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरला आले. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्यांच्या उमेदीची महत्त्वाची वर्षे या जिल्ह्याच्या कचेरीत गेली, हे नगरमध्ये फार थोड्यांना ठाऊक आहे. १८५७ च्या धामधुमीत या भागात भिल्लांचा उठाव झाला. तो मोडण्याच्या कामी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने दादोबांना 'रावबहादूर' ही पदवी दिली.

इथे जरा थांबतो, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य लिहून पुढे जाता येत नाही. हेच दादोबा जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेचे एक प्रवर्तक होते. तेच इंग्रज सरकारचे विश्वासू अधिकारीही होते आणि आपल्याच मुलखातील आदिवासींच्या बंडाविरुद्ध उभे होते. इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढीला ज्ञान आणि नोकरी एकाच दारातून मिळाली. त्या दारातून आत गेल्यावर कुणाच्या बाजूने उभे राहावे लागेल, हे व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते.

दादोबा नगरला आले तेव्हा या गावात व्याकरणाचा उलट दिशेचा प्रवाह आधीच वाहत होता. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात ठाणे केले होते. बोस्टनहून आलेल्या या मंडळींना धर्मप्रसारासाठी मराठी येणे अनिवार्य होते. आज आपण इंग्रजीचे प्रावीण्य सिद्ध करायला धडपडतो, तेव्हा परीक्षार्थी साहेब होता. कंपनी सरकारच्या मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांनाही देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत आणि बढती, भत्ते त्यांवर अवलंबून असत. मोल्सवर्थचा कोश, केरीचे व्याकरण ही त्या परीक्षार्थींची 'गाइडे'च म्हणायची. मिशनचा एबेनेझर बर्जेस १८३९ साली मराठी मुलखात आला, नगर आणि साताऱ्याकडे राहिला, आणि १८५४ मध्ये त्याने मराठीचे एक व्याकरण इंग्रजीतून छापले. ज्योतिषाच्या अभ्यासकांना हे नाव 'सूर्यसिद्धान्ता'च्या इंग्रजी भाषांतरामुळे माहीत असते. त्या भाषांतराचा उगमही मजेदार आहे. मराठी शाळांसाठी खगोलाचे पाठ्यपुस्तक करावे म्हणून त्याने जुने ग्रंथ चाळायला घेतले आणि त्यातच गुंतला.

म्हणजे १८५४ साली एक मराठी व्याकरणकार जिल्ह्याची महसुली कामे पाहत होता आणि एक अमेरिकन पाद्री मराठीचे व्याकरण रचून छापत होता. त्या दोघांनी कधी एकत्र बसून कर्मणी प्रयोगावर वाद घातला असेल का? कागद काही सांगत नाही. पण नगरच्या किल्ल्याकडे फिरायला जाताना मला ते दोघे दिसतात, एवढे खरे.

याच मिशनच्या सिंथिया फरार नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत. अविवाहित स्त्रीने एकटीने इतक्या दूर येऊन शिक्षिका म्हणून आयुष्य काढावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. १८६२ साली त्यांचे निधन झाले. जोतीराव फुले आपल्या मित्राबरोबर नगरला आले असता त्यांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना त्यातून मिळाली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, अशी परंपरा आहे. सावित्रीबाईंच्या १८५४ मधील 'काव्यफुले' या संग्रहात 'इंग्रजी शिका' अशा शीर्षकाची कविता आहे, ही नोंद इथे महत्त्वाची. ज्यांना संस्कृत शिकण्याची बंदी होती त्यांच्या दृष्टीने इंग्रजी ही परक्यांची भाषा होतीच, पण ती कुणाच्या जातीची भाषा नव्हती. तिचे नियम पाठ केले की ते सर्वांना सारखेच लागू पडत.

आणि नेमक्या याच काळात नगरमध्ये इंग्रजीचे दार लावून घेण्यात आले. मला या साऱ्या कथेतील सर्वांत बोचरा भाग हाच वाटतो.

मिशनच्या बोस्टनमधील मुख्य मंडळाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या पाहणीला आले. त्यांचे मत पक्के होते. शिक्षण लोकांच्या भाषेतच द्यावे. इंग्रजी शिकवले की तरुण गाव सोडतो, सरकारी नोकरीत जातो, आपल्या माणसांपासून तुटतो. या धोरणाने मिशनच्या इंग्रजी शाळा बंद पडल्या आणि नगरचे इंग्रजी शिक्षणही त्यात गेले.

तत्त्व म्हणून अँडरसनांचे म्हणणे किती योग्य वाटते! मातृभाषेतून शिक्षण हवे, असे आज आपण व्यासपीठावरून म्हणतो तेव्हा नकळत त्यांचीच बाजू मांडत असतो. पण त्या मिशनच्या मराठी अनुयायांमध्ये मोठा भाग नगर जिल्ह्यातील महार आणि मांग कुटुंबांचा होता. ब्राह्मणाच्या मुलाला सरकारी इंग्रजी शाळेचे दार उघडे होते. महाराच्या मुलाला मिशनची शाळा बंद झाल्यावर दुसरे दार कोणते? 'तू आपल्या माणसांतच राहावेस' हे वाक्य सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर त्याचा अर्थ बदलतो. अँडरसनांचा हेतू वाईट नव्हता असे मी मानतो, पण निर्णय चुकीचा होता. काळानेही तेच ठरवले. शतक संपण्यापूर्वीच मिशनला नगरमध्ये पुन्हा इंग्रजी हायस्कूल चालवावे लागले. पुढे १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले, तेही याच परंपरेतून.

मधल्या काळात परीक्षा बदलली होती. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे 'मॅट्रिक्युलेशन', झाली. सुमारे १३० मुले बसली आणि जेमतेम वीसबावीस पार पडली. महादेव गोविंद रानडे त्यांतले एक. पुढची शंभर वर्षे महाराष्ट्रातील घराघरांत 'मॅट्रिक' हा शब्द वयात येण्याइतक्याच गांभीर्याने उच्चारला गेला, आणि मॅट्रिकला गाडी अडायची ती बहुधा इंग्रजीच्या पेपरात. ज्या विद्यापीठाने रानडे घडवले, त्याच विद्यापीठाच्या उच्च अभ्यासक्रमातून देशी भाषा काही वर्षांतच बाहेर फेकल्या गेल्या. त्या परत याव्यात म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले.

मॅट्रिकच्या संदर्भात जोतीरावांची एक मागणी फारशी उद्धृत होत नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी सादर केलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच निवेदनाच्या शेवटाकडे ते म्हणतात की प्रवेशपरीक्षेसाठी खाजगी रीतीने अभ्यास केलेल्या उमेदवारांना मुंबई विद्यापीठ मान्यता देते, ही समाधानाची गोष्ट आहे. हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी. शाळेच्या बाकावर ज्यांना जागा मिळत नाही त्यांनी घरी शिकावे आणि परीक्षेच्या दालनात बरोबरीने बसावे, असा त्याचा अर्थ. आणि हे निवेदन जोतीरावांनी इंग्रजीत लिहिले होते.

पण घरी शिकायचे कशावरून? मरेचे पुस्तक इंग्रजीतच होते. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला इंग्रजीतून इंग्रजीचे व्याकरण सांगणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला पोहण्याचे पुस्तक फेकून देणे. ही उणीव भरून काढली ती दुसऱ्या एका तर्खडकरांनी. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' तीन भागांत निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या छापली जात राहिली. आडनाव एकच असल्याने अनेक जण ती दादोबांची समजतात. तुमच्याही घरी असा समज असेल तर तो आज दुरुस्त करून घ्या.

पाठमालेची पद्धत अगदी सरळ होती. मराठीत नियम, थोडे नवे शब्द, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी. वाक्ये नियमासाठी जन्माला घातलेली असत, त्यामुळे ती कधीकधी विलक्षण निघत. त्या धाटणीची दोन वाक्ये मी इथे स्वतः रचून देतो : 'शिंप्याच्या भावाने राजाच्या माळ्याला काल दोन पोपट दिले.' 'तुझ्या मामाची छत्री माझ्या घोड्यापेक्षा जुनी आहे.' असे वाक्य आयुष्यात कुणी बोलणार नाही. पण शिंपी, भाऊ, राजा, माळी यांना मराठीत ज्या चा-ची-चे आणि ला-ने जोडले आहेत, ते इंग्रजीत कुठे 'ऑफ' होतात, कुठे 'टू' होतात आणि कुठे नुसत्या जागेवरून कळतात, हे त्या पोपटांमुळेच समजते. अशा वाक्यांची थट्टा युरोपातही झाली. तिकडे ओलेनडॉर्फ नावाच्या जर्मन शिक्षकाच्या पुस्तकांतील वाक्ये विनोदाचा विषय होती. आपल्याकडे 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्द कुचेष्टेने रूढ झाला. व्याकरण शुद्ध, पण बोलताना अडखळणारे, पुस्तकी इंग्रजी, असा त्याचा अर्थ.

ही कुचेष्टा मला नेहमी खटकते. मिशनऱ्यांच्या किंवा श्रीमंतांच्या शाळेत ज्यांचे कान इंग्रजी ऐकत तयार झाले, त्यांना पाठमालेची गरज नव्हती. ती गरज होती ती तालुक्याच्या गावातल्या मुलाला, कंदिलापुढे एकट्याने अभ्यास करणाऱ्याला, ज्याने इंग्रज माणूस कधी जवळून पाहिलाही नव्हता. त्याच्या उच्चारांना हसणे सोपे आहे. गुरू नसताना कागदावरून परकी भाषा शिकणे किती कठीण असते, ते एकदा करून पाहावे.

संभाषणाचा अभ्यास ज्यांना परवडत होता त्यांचा मार्ग कसा असे, याचे उदाहरण तर्खडकरांच्याच घरात आहे. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. १८७८ साली इंग्लंडला जाण्यापूर्वी सतरा वर्षांचा एक बंगाली तरुण मुंबईत त्यांच्या घरी काही काळ राहिला. त्याला इंग्रजी बोलण्याचा सराव हवा होता, आणि तो देण्याचे काम विलायतेत राहून आलेल्या आत्मारामांच्या कन्येकडे, अन्नपूर्णाकडे, आले. त्या तरुणाचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. त्याने तिला 'नलिनी' हे नाव दिले, हा भाग आपल्याकडे पुष्कळ चघळला गेला आहे. मला त्यातील दुसरी बाजू अधिक रोचक वाटते. १८७८ साली एक मराठी मुलगी इंग्रजीची शिक्षिका होती आणि तिचा विद्यार्थी रवींद्रनाथ होता! थोरल्या काकांनी मराठीचे व्याकरण बांधले, आणि पुतणीने व्याकरणाची वही बाजूला ठेवून बोलायला शिकवले.

आता आजच्या परीक्षांकडे झटकन येऊ, कारण त्यांचा इतिहास तुलनेने कोरडा आहे. केंब्रिजने इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा १९१३ साली घेतली. भाषांतर, व्याकरण, उच्चारशास्त्र, निबंध, साहित्य, श्रुतलेखन, संभाषण असा बारा तासांचा तो डोंगर होता. बसलेले उमेदवार तीन, आणि तिघेही नापास! (मॅट्रिकला अडलेल्या आपल्या पूर्वजांनी हे ऐकले असते तर त्यांना बरे वाटले असते.) अमेरिकेची टोफेल १९६४ मध्ये सुरू झाली आणि आयएल्ट्स आजच्या नावाने १९८९ पासून आहे. आयएल्ट्समध्ये व्याकरणाचा वेगळा पेपर नसतो. लेखन आणि संभाषण तपासताना चार निकष लावले जातात आणि त्यांतील एक व्याकरणाचा आवाका आणि अचूकता यांचा, म्हणजे पाव हिस्सा. नियम कुणी विचारत नाही, पण नियम चुकला की तो गुणपत्रिकेत दिसतो. 'व्याकरण चालवून' दाखवण्याचा काळ गेला, आता व्याकरण न दाखवता चालवावे लागते.

दरम्यान महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. माझी मैत्रीण आणि मी दोघेही त्यानंतरच्या पिढीतले, म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेले. तरीही 'सिन्स' आणि 'फॉर' यांतला फरक तिला चोविसाव्या वर्षी एका सरावपुस्तकाने सांगितला. तेही पुस्तक संपूर्ण इंग्रजीत आहे. मराठी माणूस नेमका कुठे चुकतो, हे त्या लेखकाला ठाऊक असण्याचे कारणच नाही. 'मला भूक लागली', 'मला आवडते' या वाक्यांत मराठी बोलणारा स्वतःला कर्ता मानत नाही, भूक आणि आवड त्याच्याकडे चालत येतात. इंग्रजीत मात्र त्याला उठून कर्त्याच्या जागी बसावे लागते. हे त्या पुस्तकात कसे असणार? पाठमालेत निदान प्रश्न मराठीतून सुरू व्हायचा.

म्हणून आम्ही एक प्रयोग केला. तिच्या आजोबांच्या ट्रंकेतून पाठमालेची एक प्रत निघाली. मुखपृष्ठ गेलेले, पहिली काही पाने उंदरांनी खाल्लेली. आम्ही रोज संध्याकाळी तिच्यातील दहा मराठी वाक्ये घेतो, तिने त्यांचे इंग्रजी करायचे, आणि मग तोच नियम वापरून स्वतःच्या आयुष्यातील एक वाक्य सांगायचे. घोडे आणि पोपट पुस्तकातले, शेवटचे वाक्य तिचे. पहिल्या आठवड्यात सर्वाधिक चुका अर्थातच 'द'च्या झाल्या. समासात आजोबांची पेन्सिल फिरलेली आहे. त्यांच्याही खुणा बहुतेक तिथेच आहेत.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निकाल लागला की कळवीन.

तुमच्या घरी पाठमालेची जुनी प्रत असेल तर तिच्या पहिल्या पानाचे छायाचित्र खाली जरूर टाका. आवृत्तीचे वर्ष आणि किंमत दिसेल असे घ्या; समासात कुणी काही लिहिले असेल तर तेही. पुढचा धागा मेजर कँडी आणि मराठीतील स्वल्पविरामावर.